दुसरी ओळ

प्रिय कंपास,

टक्! तुझ्या पत्र्याच्या कंपासपेटीचं झाकण. आपली ओळ म्हणायच्या आधी तू ते अंगठ्याने वाजवायचास आणि गुरुजी डोळे वटारायचे, "अरे, कविता म्हणतोयस की कुलूप उघडतोयस?" अख्खा वर्ग खिदळायचा. त्यावरून तुझं नाव कंपास पडलं आणि माझं 'पहिली ओळ'. गुरुजींनी स्वतः रचलेली ती कविता, एक ओळ माझी, पुढची तुझी. कुठल्या पुस्तकात ती कधी आली नाही. फळ्यावर उमटली, आपण पाठ केली, पुसली गेली.

गेल्या वर्षापासून ते झाकण मला पुन्हा ऐकू येतं. आधी टक्, मग खडूचा वास, मग उजवा हात गारठून जातो, आणि शेजारी कोणीतरी बाकावर सरकून बसल्याचा भास. इतका खरा, की मी जागा करून देतो. सूनबाई ओरडायची, "बाबा, सोफ्याच्या कडेला काय बसता? पडाल ना!" फोटो काढले तेव्हा मेंदूत गाठ निघाली, डाव्या कानाच्या वर. डॉक्टर चक्रावले. ही गाठ पोरासोरांची, म्हणाले, मोठ्या माणसात विरळा, तुमच्या वयात तर मी पाहिलीच नाही. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी, आणि मला मात्र वाटत होतं, ही शाळेतच शिरली असेल, इतकी वर्षं बाकाखाली दबा धरून बसली असेल.

पूर्ण निघाली तर बरीच वर्षं मिळतात, थोडी जरी उरली तरी पुन्हा डोकं वर काढते, असं त्यांनी सरळ सांगितलं. बोलण्याची जागा गाठीला अगदी खेटून, म्हणून मला जागं ठेवून कापायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं काहीही म्हणत राहा, तुम्ही अडलात की माझा हात थांबेल. मी मनात हसलो. मला कवितांची काय कमी! पण त्यांचं हत्यार गाठीला लागलं आणि तोंडून तीच निघाली. नदी म्हणाली नावाड्याला, थांब जरा तू थांब. मग मी गप्प. सवयच ती, तुझ्या ओळीची वाट बघायची. डॉक्टरांना वाटलं, वाचा गेली. हात थांबला. पुन्हा माझी ओळ, पुन्हा शांतता, पुन्हा हात थांबला. शेवटी एक तुकडा त्यांनी भीतीपोटी तसाच सोडला. भूल देणाऱ्या बाई नंतर हळूच म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही गप्प व्हायचात ना, तेव्हाही ओठ हलत होते. आवाज तेवढा नव्हता."

मग किरणांचे उपचार झाले, केस गेले. टक्कल शोभतं, असं सूनबाई म्हणते, तिची माया. पण तुकडा वाढतोय. पुन्हा त्या टेबलावर जायचंय. "या वेळी दुसरी एखादी कविता म्हणा की," ती म्हणते. तिला कसं सांगू, तिथे हात लागला की निवड माझी उरत नाही.

म्हणून हे पत्र. तू आहेस की नाहीस, हेही मला ठाऊक नाही; पत्ता तुझ्या जुन्या घराचा घातलाय. तुझ्या ओळी मी कधी नीट ऐकल्याच नाहीत रे. तू म्हणायचास तेव्हा मी मनात माझी पुढची घोकत असायचो. तेवढ्या लिहून पाठव. या वेळीही मी मध्येच थांबलो, तर तो तुकडा आत राहील, आणि मग मी फार दिवस राहणार नाही.

तुझाच,
पहिली ओळ

ता. क. पाकीट चिकटवणार तोच टक् वाजलं. मी सवयीने बाजूला सरकलो. पण खडूचा वास आला नाही, हातही गार पडला नाही. आणि खालून सूनबाई हाक मारते आहे, "बाबा, दारात एक आजोबा आलेत. आत या म्हटलं तर येत नाहीत. नुसती पत्र्याची डबी वाजवतायत आणि म्हणतायत, पैलतिराहुन कोणी येते, वाट तयाची लांब."