अंतऱ्यातली चढण

खामगाव, जून १९६४

इंद्रभान,

मावशीनं सांगतलं, तू अमरावतीच्या कालेजात गाणं घेऊन बी.ए. करणार. आधी गाऊन दाखवा लागते म्हणे, अन् तू माझ्याच भजनाची चाल बसवून राह्यला. काऊन बे? एकादशीले पेटी मी वाजवत होतो, तू मागं बसून झांजा कुटत होता!

मागच्या साली मीबी निघालो होतो. जलंबले गाडी बदलताना गरम भजे दिसले, अन् गाडी गेली.

काल तुमच्या दाराबाहेर उभा राहून तुले ऐकलं. अंतऱ्यात तू खाली उतरतो; तिथं वर चढा लागते. हे पत्र टाकलं तर तू चूक सुधारशील, अन् तुले घेतील. म्हणून खिशातच ठेवतो.

तुझ्या आधीचा गवई,
मावसभाऊ हिंमत