पहिलं ताट

प्रिय ताई,

पोरं सुखरूप आहेत, दोघांच्याही अंगावर मूठभर मांस चढलंय, आणि तुझ्या लेकीनं परक्या देशात सात दिवस माझी शिकवणी घेतली. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी तुला बोलूच देत नाही, असं तूच म्हणतेस. पत्राचं बरं असतं. मध्येच खाली ठेवून तू कढई उतरवून येऊ शकतेस, आणि मी बोलत बोलत तुझ्या मागे स्वयंपाकघरात येणार नाही.

निघताना खाऊच्या डब्याखाली घडी घालून तू मला इंजिनिअरिंगचा फॉर्म दिला होतास. हळूच म्हणालीस, "हजारो माणसं तुझं ऐकतात, या एकीला पटवून दे. स्वयंपाकाच्या शाळेचं खूळ हिच्या डोक्यातून काढ आणि सही घेऊन ये." मी छाती ठोकून हो म्हटलं. पंचवीस वर्षं व्यासपीठं गाजवलेल्या बाईला सतरा वर्षांची पोरगी किती जड जाणार? विमानात बसल्या बसल्या मी भाषणाचे मुद्देही काढले. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी जेवणाचं सांगू दे. सगळं जेवणाच्या टेबलांवरच घडलंय.

पहिल्या दिवशी जागा मी निवडली. तीन प्रवासपुस्तकं वाचून, पेन्सिलीनं खुणा करून गेले होते. भर चौकात भलंमोठं हॉटेल, दारात पदार्थांचे रंगीत फोटो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आर्जवानं आत बोलावणारा कोटातला माणूस. तुझी लेक म्हणाली, "मावशी, अन्न बरं असेल तर ओढून का न्यावं लागतं?" मी तिला गप्प केलं आणि त्या इमारतीचा इतिहास सांगायला लागले. इतिहास उत्तम होता. भात गार होता आणि मासा कसला होता ते माशालाच ठाऊक. तुझ्या भस्म्यानं, त्या चौदा वर्षांच्या गिरणीनं, काटा खाली ठेवला. ताई, तुझ्या मुलानं ताटात टाकलं. हे वाक्य हवं तर पुन्हा वाच.

दुसऱ्या दिवशी सूत्रं भस्म्याकडे गेली. त्याचा विश्वास फोनवरच्या ताऱ्यांवर. साडेचार तारे, दोन हजार लोकांची पसंती. पाऊण तास रांगेत उभे राहिलो. आत जो तो आपल्या ताटाचा फोटो काढत होता, आणि तो नीट येईपर्यंत अन्न निवत होतं. थाळी परातीएवढी, त्यात वाढलेलं वाटीएवढं. बाहेर आल्यावर मी पायरीवर उभी राहून माझं ठाम मत मांडलं, की दुसऱ्याच्या जिभेवर जेवणारी माणसं उद्या दुसऱ्याच्या डोक्यानं मतदानही करतील. माझ्या मते मुद्दा बिनतोड होता. भस्म्या म्हणाला, "टाळ्या नंतर वाजवतो मावशी, आधी पाव कुठे मिळतो बघू."

तेव्हा तुझी लेक म्हणाली, "उद्या मी. सकाळी अकराला निघायचं." मी म्हटलं, अगं, अकराला कुठलंच हॉटेल उघडत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच."

आणि ताई, तिथून खरा प्रवास सुरू झाला. चौक सोडून ती आम्हाला बस डेपोच्या मागच्या गल्लीत घेऊन गेली. किल्ल्या करणारा, चपला शिवणारा, कपडे धुऊन देणाऱ्या बायका, आणि मध्ये मध्ये चिमुकली हॉटेलं, सगळी अजून बंद. ही पोरगी काचेला नाक लावून आत बघायची. पहिल्या ठिकाणी वाढपी बाहेरून आणलेलं पुडकं उघडून खात होते. ही म्हणाली, "पुढे चला." दुसरीकडे आचारी उभ्या उभ्या बिस्किटं खात फोन बघत होता आणि मागे त्याचीच भांडी वाफाळत होती. "स्वतःच्या भांड्याला शिवत नाहीये. पुढे." भस्म्या विव्हळत होता, मी घड्याळ बघत होते. पाचव्या ठिकाणी ती थांबली. आठच टेबलं. त्यातली दोन एकत्र ओढून मालकीण, आचारी, भांडी घासणारी बाई आणि वाढपी असे चौघं जेवत होते. शेगडीवर जे पातेलं होतं त्यातलंच, दुसऱ्यांदा मागून घेत. मालकीण चव घेऊन उठली, पातेल्यात चिमूटभर काहीतरी टाकलं, ढवळलं आणि परत येऊन बसली. तुझी लेक वळून म्हणाली, "इथे. एक वाजता यायचं."

मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मला माझ्या चष्म्याची लाज वाटली. "आपल्या घरी, मावशी. पहिलं ताट."

तुझं पहिलं ताट, ताई. रोज साडेअकराला, खानावळीचं दार उघडण्याआधी, प्रत्येक भांड्यातलं थोडं थोडं घेऊन ओट्यापाशी उभ्यानं खाल्लेलं. जे आपल्या घशाखाली उतरत नाही ते दुसऱ्याच्या पानात वाढायचं नाही. लहानपणापासून मी ते बघत आले आणि मला वाटायचं, तुला भूक लागते. इतकी पुस्तकं वाचली मी, पण तुझ्या ओट्यापाशी काय चाललंय ते मला वाचता आलं नाही. पोरीला आलं.

एक वाजता गेलो. पाटीवर चारच पदार्थ. घेवड्याचं दाट सूप, भाजलेल्या भाज्या, हात पोळेल असा पाव आणि वाफाळता भात. ताई, मी सांगते, त्या भाताच्या प्रत्येक शितात शहाणपण होतं. भस्म्या तीनदा मागून जेवला आणि शेवटी रिकाम्या ताटाला हात जोडून बसला. त्यानंतर रोज अकराला आमची गस्त सुरू. मी पुस्तकं सुटकेसच्या तळाशी घातली. भस्म्या काचेतून आत बघून "खातायत! खातायत!" असा ओरडायचा, आणि मी, या वयात, रस्त्यानं पळत जायचे. एकदाच फसलो. ते लोक मन लावून जेवत होते खरे, पण आदल्या दिवशीचं संपवत होते. लेक म्हणाली, "ही चूक माझी. वाफ बघायला हवी होती." चूक अशी दोन शब्दांत कबूल करणारी माणसं मी सभांमधून पाहिलेली नाहीत.

पटवण्याचा प्रयत्न मी केला, हेही सांगते. एकदाच केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, तू हे कुणाकडून बोलतेयस?" मी विषय बदलला.

पाचव्या दिवशी माझं भाषण होतं, ज्यासाठी मला बोलावलं होतं ते. विषय श्रमाची प्रतिष्ठा. तुला ठाऊकच आहे, त्यावर मी पेटते. हातानं काम करणाऱ्याला खालचा समजणारा समाज आतून कुजतो, असं मी म्हटलं, आणि सभागृह उठून उभं राहिलं. तुझी पोरं तिसऱ्या रांगेत होती. मग प्रश्नोत्तरं झाली. मागून एका बाईंनी विचारलं, इतकं शिकण्याचं बळ तुम्हाला कुणी दिलं? मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीनं. त्यांनी पुढे विचारलं, त्या काय करतात?

ताई, मी म्हटलं, "ती एक संस्था चालवते."

जीभ अडखळलीसुद्धा नाही. तीच तर तिची खोड आहे. टाळ्या पुन्हा वाजल्या. तिसऱ्या रांगेत भस्म्या वाजवत होता. लेकीचे हात मांडीवर होते.

भाषणानंतर त्याच आठ टेबलांच्या हॉटेलात जेवायला गेलो. पाव आला, सूप आलं. पोरगी पाव मोडता मोडता, आवाज न चढवता म्हणाली, "मावशी, आपली खानावळ संस्था कधी झाली गं?" भस्म्यानं खाणं थांबवलं. सात दिवसांत दुसऱ्यांदा. मी चमचा उचलला आणि सूप ढवळत बसले. पोरीनं माझ्या वाडग्यात पावाचा एक तुकडा ठेवला, गार होण्याआधी खा म्हणून.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही त्याच काचेबाहेर होतो. मालकिणीनं ओळखलं, हसली, उठून दार उघडलं आणि हातानं खुणावलं, या. त्यांच्या ओढलेल्या टेबलांना तिसरं टेबल जोडलं आणि आम्हाला त्यांच्या पंगतीत बसवलं. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, तुझ्या हातावर आहेत तसेच. तुझी लेक त्या डागांकडे बघत होती. घाबरून नाही ताई, शिकणारं पोर फळ्याकडे बघतं तशी. तिनं खुणेनं विचारलं, आत येऊ का? आणि दहा मिनिटं ती त्या स्वयंपाकघरात उभी होती, बाह्या सरसावून, हातातला डाव खाली न ठेवता. तिचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता, बक्षीस समारंभातही नाही.

मालकिणीला कामापुरतं तोडकंमोडकं इंग्रजी येत होतं. तिनं मला विचारलं, ही मुलगी कुठे शिकली? आणि मी खुर्चीतून उठले. सवयच ती, बोलायचं म्हणजे उभं राहायचं. पण या वेळी दोनच वाक्यं बोलले. माझी बहीण खानावळ चालवते. तिनं रांधलं म्हणून मी शिकले. मालकिणीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिनं माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला. आजवर मला मिळालेल्या दादेत याच्याइतकी पोटात उतरलेली दुसरी नाही.

आता हे पत्र का, ते लिहिते. कॉलेजच्या पहिल्या वक्तृत्व स्पर्धेला तू आली होतीस. घाईत आलीस, कोपरापर्यंत पीठ होतं. मैत्रिणी समोरून येत होत्या आणि मी तुला फाटकातूनच म्हटलं, "ताई, तू जा, आत गर्दी आहे." आत गर्दी नव्हती. त्यानंतर तू माझ्या एकाही भाषणाला आली नाहीस. मी जगाला सांगत राहिले की ताईला कामातून सवड नसते. खरं असं आहे, की पीठ लागलेल्या हाताची लाज तुला कधीच नव्हती. ती मी तुला फाटकाशी दिली, ती तू जपून ठेवलीस, आणि लेकीच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा फॉर्म आणलास. फॉर्म भस्म्याच्या दप्तरात या पत्राबरोबर परत पाठवतेय, कोरा. काय ठरवायचं ते तुम्ही मायलेकी ठरवा, मी त्यावर एक अक्षर बोलणार नाही. पण फाटकातल्या माझ्या त्या एका वाक्याखातर तिला त्यावर सही करायला लावू नकोस, कारण ते वाक्यच खोटं होतं. रविवारी साडेअकराला मी येतेय. पहिलं ताट घेऊन तू ओट्यापाशी उभी असशील. या वेळी खाली बस. लेकीला वाढू दे. आणि तुझ्या शेजारी थोडी जागा ठेव, मी मुकाट्यानं जेवेन.

तुझीच,
भोंगा