तीन यंत्रांचं एक कपाट

बसवनगुडी, बेंगळूरु

ती. भाग्यलक्ष्मी अक्काच्या पायांवर विठोजीचं डोकं (गुडघे दुखत असतील तर लांबूनच).

इकडे सगळे बरे. भावजी गेल्यापासून तू धारवाडात एकटी. इकडे ये म्हटलं की विषय बदलतेस. म्हणून आज मीच विषय बदलतो. ऑफिसात संगणकाचं नवं कपाट घेतलं. खरा खर्च असा: कागदावरची रक्कम, वर दाराची फोडलेली एक चौकट, शेजारच्या हयवदनांची वाटेत फुटलेली कुंडी आणि तुझ्या भावजयीचा, दिव्यश्रीचा, दोन दिवसांचा अबोला (तो स्वस्तात पडला).

आपल्या औषधांच्या होलसेलचा कारभार घरच्या मागच्या खोलीतली तीन यंत्रं सांभाळायची. आकडेमोड एका कंपनीच्या यंत्रावर, साठवण दुसरीच्या, दोघांना जोडणारं तिसरीचं. काही बंद पडलं की तिन्हीकडची माणसं यायची, माझी कॉफी प्यायची आणि एकमेकांकडे बोट दाखवून जायची. अशात बेळ्ळंदूरहून तनय नावाचा पुण्याचा मुलगा रंगीत पुस्तिका घेऊन आला.

"सर, हे कन्व्हर्ज्ड आहे."

"म्हणजे काय रे?"

"तिन्ही एकाच कपाटात. एक कंपनी, एक फोन नंबर. एकत्र कुटुंबच समजा."

"एकत्र कुटुंबात मी वाढलोय. भांडणं कुठे जातात ते सांग."

पोरगं हसलं आणि पानं उलटत राहिलं. पुस्तिकेत भविष्य, प्रवास, परिवर्तन असं सगळं होतं. कपाटाची उंची तेवढी नव्हती (चौकट त्यापायी गेली). मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सायकलवर औषधांचे खोके वाहून धंदा उभा केलाय. मला काय हवंय ते विकणाऱ्याला कळत नसतं. मग जिन्यातून त्यानं साहेबाला केलेला फोन कानावर आला: "काका घेतायत, सर. नाही, फीचर्स काही विचारली नाहीत. मागची खोली रिकामी होईल ना, एवढंच सारखं विचारतायत."

असो. कपाट आता ऑफिसात दिमाखात उभं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगतो, जयनगरपर्यंत कुणाकडे असलं नाही, सगळा धंदा या एकावर पळतोय.

दिव्यश्री नमस्कार सांगते.

तुझा
विठोजी

ता. क. मागे तू म्हणालीस, "तुझ्याकडं यंत्रांना खोली आहे रे, मला कुठली?" ती खोली रिकामी झाली. रंग दिलाय, न्हाणीघर लागून आहे, वाटेत पायरी एकही नाही. दिव्यश्री म्हणते, अक्कांना सांगा, स्वल्प अ‍ॅडजस्ट करायला नव्हे, राहायला या. गाडी कधी पाठवू?

आणखी एक. कपाट अजून सुरू झालेलं नाही, तनयची माणसं पुढच्या महिन्यात येणार आहेत. जुनी तिन्ही यंत्रं जिन्याखाली टेबलफॅन लावून चालू आहेत.