डोस वाढवा

एफ्राइन,

आईच्या रक्तात जंतू पसरले आणि तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा तिची नाडी लागत नव्हती. रक्तदाब वाढवायचं औषध शिरेतून चालू केलं, पण लघवी थांबली. डॉक्टर इद्रोबो म्हणाले, "डोस वाढवला तर कदाचित वाचेल. मूत्रपिंडांचं मात्र सांगता येत नाही, त्यांचा रक्तपुरवठा आणखी कमी होऊ शकतो." मी तुला स्पेनला फोन लावला. तू ओरडलास, "विचारतेस काय? वाढवा म्हणावं! पुढचं मी बघतो."

मी सही केली. आई वाचली, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा तिला बसनं कुएन्का शहरात डायलिसिसला नेते. माझं मूत्रपिंड जुळलं नाही म्हणून तुला तपासणी करून घ्यायला सांगितलं, तर म्हणालास, "बायको नको म्हणते."

आई रोज विचारायची, "झोइला, तो कधी येतोय गं?" तुझी वाट बघत ती जेवायची नाही. शेवटी मी तिला सांगितलं, की तू अपघातात गेलास. चर्चमध्ये तुझ्यासाठी प्रार्थनाही करवली. ती आठ दिवस रडली, मग जेवायला लागली.

हे पत्र मी पाठवणार नाही. आपणहून तू तिला फोन करणार नाहीस, पण हे वाचलंस तर रागानं करशील.

काल डायलिसिसच्या वेळी ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला अभिमानानं सांगत होती, "माझा लेक असता ना, तर त्यानं केव्हाच मला मूत्रपिंड दिलं असतं."

मी म्हटलं, "हो आई, दिलं असतं."

तुझी बहीण,
झोइला