कुत्रं भाकरी खातंय का

कुंडल,
सोमवार, ता. ९-१२-४६

ती. सौ. मनूआक्कास,
धाकट्या सुलाचा शि. सा. न. वि. वि.

हितं समदी खुशाल हायेत असं लिवायची रीत हाय म्हनून लिवते, पन तसं न्हाई आक्का. आपल्या ज्ञानूला कुत्रं चावलं. तू घाबरू नगंस. घाबरायला मी हाय.

शनवारी सांच्याला मी मळ्यातनं गवताचा भारा डोईवर घिऊन पाटाच्या वाटंनं येत हुते. ज्ञानू मागनं पदराला धरून. ती वाट तू बगितलीयास. एका अंगाला पाटाचं पानी, एका अंगाला ऊस, दोन मानसं जेमतेम जात्यात. डोईवर वजं असलं तर रिकाम्या मानसानं बाजूला व्हायाचं, ही समद्यांची रीत. पन म्होरनं आलं आमचं थोरलं दीर, सायकलीवर. घरात समदी त्यास्नी आबा म्हनत्यात. सांगलीस्नं सायकल आनल्यापास्नं आबा कुनासाठी खाली उतरत न्हाईत. लांबनं घंटी वाजीवली की वाट मोकळी पायजे. त्यात मी धाकटी भावजय. त्यांच्याम्होरं बोलायचं न्हाई, तोंड दावायचं न्हाई. मी भाऱ्यासकट उसाकडं खाली उतरले आन पाठ केली. ज्ञानू वरच ऱ्हायला, काकाची सायकल बगत.

आबांच्या मागनं भाऊसो हवालदार येत हुता. लढाई सपल्यावर पेन्शन घिऊन आलाय आन संगं एक दांडगं तांबडं कुत्रं आनलंय. त्याचं नाव जर्नेल. रोज चामड्याच्या पट्ट्यानं धरून पाटावर फिरवतो, सायबावानी. बाया हसत्यात, म्हनत्यात, बायकू मागनं पळतीया आन कुत्रं म्होरनं मिरवतंय. पन त्या दिशी पट्टा हाताला गुंडाळल्याला आन कुत्रं मोकळं. मी वळता वळता बगितलं. त्या कुत्र्याला सायकल सोसत न्हाई, हे साऱ्या गावाला ठावं हाय. आबास्नी सांगावं, खाली उतरा, कुत्रं मोकळं हाय, एवडं व्हटापतुर आलं. पर नांदायला आल्यापास्नं त्यांच्याम्होरं एक सबुद काढला न्हाई, त्यो आता कुटनं निघायचा? कुत्रं सायकलीवर धावलं. आबांनी लाथ झाडली. ते तसंच उलटं फिरलं आन ज्ञानूच्या पोटरीत दात रोवलं.

आता आबा म्हनत्यात, चूक हवालदाराची, पट्टा का सोडला. हवालदार म्हनतो, चूक आबांची, उतरून चालत गेलं असतं तर कुत्रं हाललं नसतं, वर लाथ मारायची कशाला. दोगं चावडीम्होरं एकमेकाच्या अंगावर गेलं. आन आत्ती सासूच्या त्वऱ्यात म्हनत्यात, चूक माजी, लेकराचा हात का सोडला. दोनी हात भाऱ्याला हुतं गं आक्का.

जखमंत जाऊबाईंनी मिरचीची पूड भरली. लेकरू असं वरडलं की माजं काळीज हाललं. पन मला भ्या येगळंच हाय. आपल्या माहेरचा गुंडातात्या कसा गेला, तुला याद असंल. कुत्रं चावून महिना झाला हुता, समदी इसरून गेल्ती, आन मग पान्याचा तांब्या बगून किंचाळाय लागला. मी ज्ञानूला घडीघडी पानी पाजते आन त्याच्या तोंडाकडं बगते. त्यो म्हनतो, आये, आता पुरं, पोट फुटंल.

तितं साताऱ्यात मोटा दवाखाना हाय. दाजीस्नी डाक्टरला इचारायला लाव. ह्यास्नी पलटनीत कळवू नगंस. तितं बसून ते काय करनार? हे पत्र लिवल्यालं आत्तींना ठावं न्हाई.

माज्यावरची माया पातळ हू दिऊ नगंस.

तुजी,
सुला


सातारा,
बुधवार, ता. ११-१२-४६

चि. सौ. सुलास,
मनूचे अ. उ. आ.

तुजं पत्र वाचून हातातलं पीठ तसंच ऱ्हायलं. दाजी जेवनावरनं उठून दवाखान्यात गेलं. डाक्टरनं सांगितलंय ते नीट वाच, दोनदा वाच.

आदी ती मिरची धू. ऊन पानी आन साबन लावून जखम लय येळ धुवायची. डाक्टर म्हनला, मिरची भरनारीला हिकडं धाडा, तिच्या डोळ्यात भरतो. हे जाऊबाईस्नी वाचून दावू नगंस.

दुसरं म्हंजी कुत्र्याला मारायचं न्हाई. कुनाला मारू बी द्यायचं न्हाई. चावल्यापास्नं दहा दिस त्याला बांदून, खायाला घालून बगत ऱ्हायाचं. भाकरी खातंय, पानी पितंय, धन्याला वळखतंय, तर पोराला काय बी झाल्यालं न्हाई. पन खायाचं सोडलं, लाळ गाळाय लागलं, मेलं, न्हाईतर कुटं सापडंनाच, तर त्याच दिशी ज्ञानूला घिऊन हिकडं यायचं. पोटात सुया टोचत्यात, लय टोचत्यात. दाजी म्हनलं, पोर बारकं हाय. डाक्टर म्हनला, रोग बारकं-मोटं बगत न्हाई.

तवा त्या जर्नेलला जप बाई. इमानानं जप.

हितं साताऱ्यात सायकलीला दिवा नसला तर पोलीस धरतो, पन कुत्रं मोकळं असलं तर कुनी इचारत न्हाई. तुजं दाजी सायकल शिकत हुतं तवा एका पेन्शनर सुभेदाराच्या कुत्र्यावर जाऊन पडलं. सुभेदारानं आदी कुत्र्याला कुरवाळलं, मग दाजीस्नी उटीवलं. तवापास्नं दाजी कुत्रं दिसलं की सायकल हातात धरून चालत्यात, आन मानूस दिसला तर मातर घंटी वाजीवत सुटत्यात. मी म्हनलं, आमी बायांनी बी आता भुकायला शिकावं.

हसलीस का वाईच? हस आन उत्तर टाक, न्हाईतर मला घास गिळायचा न्हाई. ज्ञानूला माजा मुका.

तुजी,
मनूआक्का


कुंडल,
शुक्रवार, ता. १३-१२-४६

ती. सौ. मनूआक्कास,
सुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुजं पत्र काल मिळालं. मिरची धुतली. ज्ञानूनं माज्या हाताला चावा घेतला, पन धुतली. पर आक्का, कुत्रं गावात न्हाई.

परवा दिशी आबा आन चार गडी काट्या घिऊन हवालदाराच्या दारात गेलं, कुत्र्याला ठेचायला. तर दावं रिकामं. त्यानं आदल्या दिशीच कुत्रं कुटं तरी दडवलं. हवालदाराला इचारावं तर म्हनतो, गोळी घाला, पर सांगनार न्हाई. मी त्याच्या बायकूला, राहीबाईला, पानोठ्यावर गाठलं. तिच्या पायावर ज्ञानूला घातलं. म्हनलं, तुमचं कुत्रं जगावं म्हनून मी नवस बोलते, पर ते हाय कुटं तेवडं सांगा. तवा रडत रडत बोलली. नदीकाठाला वर्धमान अण्णांचा मळा हाय, त्यांच्या गोट्यात ठेवलंय. अण्णा जैन. त्यांच्या घरात मुंगी मारत न्हाईत. तितं कुनाची काटी पोचायची न्हाई, असा हवालदारानं हिशेब केला. त्यानं त्याचं कुत्रं वाचीवलं. माज्या लेकराचं काय, हे त्याच्या ध्यानात बी आलं न्हाई.

आता रोज कुनी तरी जाऊन बगायला पायजे. मळा सहा मैल लांब. मी गेले तर घर, म्हस, पोर कोन बगंल? आत्ती उंबऱ्याभाईर पाय टाकू देत न्हाईत. सायकल हाय ती आबांची. आन आबा तर मारायला टपल्यालं. जाऊबाईस्नी म्हनलं, तुमी सांगा. तर त्या म्हनल्या, मी सांगितल्यालं त्यांनी कवा ऐकलंय? तुजं ऐकत असतील तर बग.

म्हनून आज सकाळी आबांनी सायकल भाईर काढली तवा मी दारात आडवी हुबी ऱ्हायले. चाकाम्होरं. पदर पार नाकापतुर घेतला हुता आन नजर चाकावर. म्हनलं, आबा, कुत्रं वर्धमान अण्णांच्या मळ्यात हाय, त्याला मारू नगा. ते मेलं तर ज्ञानूला काय झालंय हे कळायचं न्हाई. तुमी जाऊन निसतं बगा, भाकरी खातंय का. एवडंच रोज बगा. आन लय बोलले. काय बोलले ते आता आठवत न्हाई. आत्तींच्या हातातली दुरडी पडली. आबांनी सायकल वाईच मागं घेतली. मी सरले, ते सायकलीवर बसून गेलं. जाताना कोपऱ्यातली काटी घेतली का न्हाई, ते मी बगितलं न्हाई. जाऊबाई म्हनत्यात, घेतली.

आक्का, कुत्र्याला मारीन म्हनून ज्यानं शपथ घेतली, त्यालाच मी त्याची जागा सांगितली. दुपार उलटली, आबा आल्यालं न्हाईत. राहीबाईला हे कळलंय, भितीपल्याड हुबी ऱ्हाऊन मला शिव्या घालतीया. मी बरं केलं का वाईट? टपालवाला निगालाय, म्हनून हितंच थांबते.

तुज्या आधारानं जगनारी,
सुला


सातारा,
रविवार, ता. १५-१२-४६

चि. सौ. सुलास,
मनूचे अ. उ. आ.

आज थोडंच लिवते. कुत्रं मेलं असंल तर माज्या उत्तराची वाट बगू नगंस. ज्ञानूला उचल आन गाडी धर. आत्ती नगं म्हनल्या तरी ये. दाजींनी डाक्टरला सांगून ठेवलंय. हातरून घातलंय, शेजारच्या शालूबाईनं ज्ञानूसाठी खारका दिल्यात.

बोललीस ते बरंच केलंस. आबांचा राग चार दिसानं उतरंल. न्हाई उतरला तर तू हितंच ऱ्हा, माज्याकडं दोन येळची भाकर हाय. वाईट वाटून घिऊ नगंस, आन माज्यापास्नं काय बी लपवू नगंस.

तुजी,
मनूआक्का


कुंडल,
गुरुवार, ता. १९-१२-४६

ती. सौ. मनूआक्का आन दाजीस्नी,
सुलाचा शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, मला माफी कर. आदी सांगते, ज्ञानू बरा हाय. आता पयल्यापास्नं लिवते.

त्या दिशी आबा दिवं लागायच्या आदी आलं. माज्याकडं बगितलं न्हाई. वसरीवर बसून ज्ञानूला म्हनलं, तुज्या आईला सांग, कुत्र्यानं भाकरी खाल्ली, पानी प्यालं. मी दारामागं हाताच्या अंतरावर हुबी. ज्ञानू आत येऊन मला समदं परत सांगतोय, म्या ऐकलंच नसल्यावानी. मंग रोज तसंच. शनवारी खाल्ली. आयतवारी खाल्ली.

काटी त्यांनी खरंच नेल्ती. ते जाऊबाईंकडनं कळलं. वर्धमान अण्णांनी काटी बगून मळ्याच्या तोंडालाच अडीवलं. त्यांची बायकू पद्मावती गोट्याम्होरं हुबी ऱ्हायली. अण्णा म्हनलं, काटी हितं ठेवा, सायकल बी हितंच ठेवा, आन मंग पावन्यावानी चालत या. आबांना कुनी असं बोलल्यालं मी ऐकलं न्हाई. पर ठेवली. कुत्रं खाईपतुर तितं बसून ऱ्हायचं, मंग माघारी.

सोमवारी आबा आलं आन त्यांनी ज्ञानूला हाकच मारली न्हाई. हातपाय धुतलं आन मळ्याकडं निगून गेलं. मी समजले, पर त्या दिशीची गाडी निगून गेल्ती. त्याच दिशी तुजं पत्र आलं हुतं. मी ज्ञानूची दोन आंगडी, माजं एक लुगडं फडक्यात बांदलं. आत्तींनी बगितलं, पन अडीवलं न्हाई. त्यांनीच गाठुड्यात गुळाचा खडा टाकला. मला वाटलं सोमवारचा दिस सपायचाच न्हाई.

मंगळवारी मी गाडीला निगायच्या आदी आबा सायकल घिऊन तडक हवालदाराच्या दारात गेलं. राहीबाई सांगत हुती, आबा दारातनंच म्हनलं, भाऊसो, तुज्या कुत्र्यानं तोंडाला भाकर लावली न्हाई, रोगानं का रुसव्यानं ते तुलाच कळंल, मागं बस. आन हवालदार सायकलीच्या मागं बसला. चावडीम्होरं एकमेकाचं नरडं धरनारी दोन मानसं एका सायकलीवर! पाटावर बाया भारं घिऊन येत हुत्या. त्यास्नी बगून दोगं बी खाली उतरलं, आन बाया जाईपतुर पान्याच्या कडंला सायकल धरून हुबं ऱ्हायलं. बायास्नी वाट सुचंना. गावात दिसभर त्येच बोलनं चाललं हुतं.

ते गेल्यालं कळलं म्हनून मी निगाले न्हाई, गाठुडं मांडीवर घिऊन बसले हुते. दुपारी आबा आलं. ज्ञानूला म्हनलं, सांग तुज्या आईला, कुत्रं धन्यासाठी रुसलं हुतं. त्याच्या हातनं खाल्लं, दोन भाकऱ्या. मी ऐकलं तरी गाठुडं सोडलं न्हाई. मनात म्हनलं, आबा बी आता मला बरं वाटावं म्हनून सांगत असतील. दहा दिस सरलं, हे डाक्टरचं. माजं भ्या कुटं मोजून येतंय?

काल सकाळी अंगनात कुत्र्याचा आवाज आला. हवालदार पट्टा दोनी हातानं आवळून हुबा, आन आबा सायकल हातात धरून. सायकलीवर बसलं की कुत्रं खवळतंय, म्हनून आबा सहा मैल चालत आल्तं. सारं अंग धुळीनं भरल्यालं. शेजारची समदी गोळा झाली. आबांनी या खेपंला ज्ञानूला हाक मारली न्हाई. माज्याकडं बगून म्हनलं, सुला, मी सांगितल्यालं खरं मानू नगंस, तूच घाल भाकर आन तूच बग.

मी भाकर आनली. पयला तुकडा हातातनं निसटून मातीत पडला. कुत्र्यानं तो उचलला. त्येच दात, आक्का. मी दुसरा टाकला, तिसरा टाकला. खाऊन त्यानं माज्या पायाची माती हुंगली, मी किंचाळले आन समदी हसली. आबा न्हाई हसलं. ते सायकल धरून हुबंच. मी काय तरी म्हनावं म्हनून थांबलं असतील. बरं हाय म्हनावं, एवडंच. तोंड उघडलं, ते बी निगंना. मंग आबांनी सायकल भितीला लावली आन हातपाय धुवायला गेलं.

गाठुडं अजून सोडल्यालं न्हाई. आज सोडंन म्हनते.

दाजीस्नी नमस्कार. आठवन काढत जा, मी बी काढते.

तुजी,
सुला