एक कौल कमी

३ मे
अखेर किल्ली हातात आली! वीतभर लांब, लोखंडी. रेमी ती बंदुकीसारखी खांद्यावर टाकून अंगणभर फिरला, त्रेसष्टाव्या वर्षी पोरासारखा हसत. लील शहरातल्या दोन खोल्यांत आमचा सगळा संसार झाला. आता उन्हाळे इथे, या खेड्यात, आणि गुडघे कुरकुरायला लागले की कायमचंच. भिंती हातभर जाड, मागे अक्रोडाचं झाड. आधीची मालकीण आर्मांदबाई फेब्रुवारीत इथेच वारली. पुतण्याने घर सामानासकट विकलं, म्हणून आम्ही तिच्याच पलंगावर झोपतो. गादी मात्र नवी आणली, तेवढं कळतं मला.

९ मे
घर पाहावं बांधून म्हणतात. जुनं दुरुस्त करून पाहावं, असं मी म्हणते. मोरी तुंबलेली, खिडक्यांची झडपं कुजलेली. माळ्यावर, आमच्या पलंगाच्या बरोबर वर, छपराचं एक कौल नाही. पडलेलं नाही, कोणीतरी काढून भिंतीशी नीट उभं करून ठेवलंय. पाऊस सरळ आत येतो.

१४ मे
शेजारचा लेओन्स गवंडी. वय अठ्ठ्याहत्तर, जीभ विशीतली. सगळी कामं करतो, फक्त ते कौल बसवत नाही. म्हणाला, मीच काढलंय ते. आर्मांदचा जीव नऊ दिवस अडकला होता. आमच्याकडे अशा वेळी कौल काढतात, जीवाला वाट हवी ना! आणि मग वर्षभर झाकत नाहीत, कारण जीव एकदम जात नाही, घराचा निरोप घेत घेत जातो. मी विचारलं, जीव म्हणजे काय चुलीचा धूर आहे? त्यावर म्हणाला, मास्तरीणबाई, अतिशहाण्याचा बैल रिकामा.
पस्तीस वर्षं गणित शिकवलं मी. मला हसूच आलं.

१५ मे
रेमीने स्वतःच कौल बसवलं, सिमेंट लावून पक्कं. मीच मागे लागले होते.

२१ मे
रेमीला धाप लागते. धूळ असेल. डॉक्टर येऊन गेले, फुप्फुसं स्वच्छ आहेत म्हणाले.

२४ मे
तो उठत नाही. मी त्याच्या छातीला कान लावला. श्वास दोन आहेत. एक आत जातो तेव्हा दुसरा बाहेर येतो. मी पुन्हा पुन्हा मोजले. माझं मोजणं चुकत नाही.
मला भीती वाटते.

२६ मे
लीलला परत जाऊ म्हटलं. त्याने पलंगाची कड धरली. मी आणि लेओन्स दोघांनी ओढलं, बोटं सुटली नाहीत. लेओन्सने छातीवर क्रूसाची खूण केली. म्हणाला, आर्मांदला वाट राहिली नाही, म्हणून ती मिळेल त्यात शिरली. कौल काढ.
मग काढते, म्हटलं. त्याने मान खाली घातली. म्हणाला, पण आत आता दोघं आहेत. वाट उघडली की कोण आधी निघेल, ते आपल्या हातात नाही.

२८ मे
रेमी मला ओळखतो. मधूनमधून. मघाशी माझा हात दाबला. त्याचं वजन किती कमी झालंय — चूक माझी आहे, माझ्या शहाणपणाची —

२९ मे
ओठ निळे. डॉक्टर दवाखान्यात हलवा म्हणतात. त्याला उचलायला दवाखान्याचे चौघे आले होते. पलंग हलला, त्याची पकड नाही.
असाच ठेवला तर तो मरेल. काढलं तर —

३० मे, सकाळ
माळ्यावर आहे. हातोडा आणलाय. वही एप्रनच्या खिशात होती.
रेमी, थांब. तू थांब. तिला जाऊ दे.

नंतर
फुटलं. ऊन आत आलं. माझ्या गालाला घासून काहीतरी वर गेलं — ऊबदार — त्याला दाढीच्या साबणाचा वास —
नाही. नाही —

खाली आता एकच श्वास. शांत. पलंग करकरला. तो उठलाय.
चालतोय, छोटी छोटी पावलं टाकत. आवाज रेमीचाच. विचारतो, माझ्या माळ्यावर कोण बाई चढलीय? माझं छप्पर कोणी फोडलं?
लेओन्सला हाक मारते — ऐकू जाईल का —
शिडी हलली. तो वर येतोय, दर पायरीला म्हातारीसारखं बाई गं बाई म्हणत