रस्सीखेचीतली शेवटची बाई

महागाव,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय मथुराताईस,

दीपमालाचा मनापासून जयभीम. भाऊजीचा गुडघा आता कसा हाय? इकडं आम्ही बरे. तूर घरात आली, यंदा शेंगा चांगल्या भरल्या. फोनवर तू मले बोलू देत नाही, म्हणून हा कागद. वाचताना मधात बोलशील तर बोल, मले ऐकू येत नाही.

मी नागपूरले काहून येत नाही, असं तू सगळ्यांजवळ विचारून राह्यली म्हणे. ते सांगते, पण आधी इकडची बातमी.

दिवाळीच्या आधी माझा कान ठणकत होता. डॉक्टरकडं गेली. त्यानं कानात पाहाच्या आधी माझ्या अंगाकडं पाह्यलं अन् म्हणे, "वजन कमी करा." मी म्हटलं, "साहेब, कान दुखते." तो म्हणे, "सगळ्याचं मूळ तेच असते." शेवटी दुसऱ्या डॉक्टरनं कानातून ज्वारीचं फोलपट काढलं. त्यानं रक्तही तपासलं, तर साखर वाढलेली निघाली. "घाबरू नका, रोज चाला," एवढंच म्हणे, तेही माझ्या तोंडाकडं पाहून. म्हणून त्याचं ऐकलं.

तवापासून सकाळी फुलसावंगीच्या रस्त्यानं चालाले जाते. ताई, बाईनं कामाबिगर चालणं ही इथं मोठी भानगड हाय. पहिल्याच दिवशी रवी दूधवाल्यानं गाडी थांबवली.

"काकू, बसा, सोडून देतो."

"कुठं?"

"तुम्ही जिकडं जाऊन राह्यल्या तिकडं."

"मी कुठंच नाही जाऊन राह्यली."

तो बिचारा घाबरला. सरळ आमच्या घरी जाऊन ह्यांले सांगितलं, काकूचं काही ठीक दिसत नाही.

मग गावभर झालं, की धर्मपालनं बायकोले हाकललं, ती रोज माहेरी निघते पण तिले काही तिथवर पोचणं होत नाही. हे संतापले. "लोक मले विचारून राह्यले. तू घरातच चाल ना."

"घरात? चुलीपासून न्हाणीपर्यंत?"

मग ह्यांनी तोड काढली. मी पुढं पायी, अन् मागून हे गाडीवर, पहिल्या गेअरमधे. आता लोकाले वाटे, मले पकडून नेऊन राह्यले. शेवटी पेट्रोलपायी जीव जळला अन् हेही पायी आले. ह्यांचं अंग म्हणजे कापसाची वाळलेली पऱ्हाटी, तुले माहीतच हाय. पुलापर्यंत आले अन् दगडावर बसले, धापा टाकत. मी उभी, वाट पाहत. तेवढ्यात शेजारची बाई आली अन् मलेच म्हणे, "दमल्या ना? सावकाश चाला, तुमचं अंग जड." ह्यांनी मान खाली घातली. त्या दिवसापासून ह्यांचं माझ्या ताटात डोकावणं बंद झालं.

किती उतरली ते विचारू नको. ब्लाउज ढिले झाले, तेवढंच. साखर मात्र खाली आली, अन् जिना चढून गेल्यावर आता लगेच बोलता येते.

सव्वीस जानेवारीले शाळेच्या मैदानात बचत गटाच्या बायांचे खेळ होते. आमच्या गटात तांड्यावरची रंजिता हाय, अंगानं लवंगी मिरची अन् आवाजानं भोंगा. तिनं रस्सीखेचीत माझं नाव टाकलं, दोराच्या शेवटच्या जागी. सरावाले गेली तर मले खालवर पाहून म्हणे, "मावशी, तुम्ही तर बारीक झाल्या." जिंदगीत पहिल्यांदा हे मले कोणी रागानं म्हटलं. "स्पर्धा होईस्तोवर तरी थांबाचं होतं."

समोर ढाणकीच्या बाया, चांगल्या तगड्या. शिटी वाजली अन् आम्ही सगळ्या पुढं घसरलो. माइकवरचा माणूस म्हणे, "घाबरू नका महागाववाले, तुमच्यामागं ट्रॅक्टर उभा हाय." सगळं मैदान हासलं. आमच्यातल्याही दोघी हासल्या अन् दोर ढिला पडला.

ताई, अशा वेळी मी काय करते ते तुले ठाऊक हाय. सगळ्यांच्या आधी मीच हासते. या खेपेस हासू आलंच नाही. दोर कमरेले घेतला, टाचा मातीत रोवल्या. रोज चालणारे पाय होते, हालले नाहीत. रंजिता ओरडली, "ओढा," अन् ढाणकीवाल्या एकमेकीवर पडल्या. आम्हीही मागं उताण्या, माझ्या अंगावर चौघी.

उठली, पातळ झटकलं अन् तशीच माइकजवळ गेली. काय बोलाचं ते काही ठरलं नव्हतं.

"भाऊ, माझं नाव दीपमाला पाईकराव. ट्रॅक्टर नाही. नाव घेऊन सांगा."

तो म्हणे, "मी तर मजाक केली, ताई."

"समजलं मले. आता नाव घ्या."

त्यानं घेतलं. सगळ्यात आधी ह्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर म्हणे, "पाईकराव जरा जोरात म्हणाचं होतं."

आता नागपूरले काहून येत नाही ते सांगते.

तुझ्या थोरलीच्या लग्नात फोटो काढताना मी तुझ्या बाजूले उभी राह्यली होती. तू म्हटलं, "दीपे, तू मागं होय, नाहीतर फोटोत दुसरं कोणी मावत नाही." सगळे हासले. मीही हासली अन् मागं गेली. फोटो आला तर त्यात माझं नुसतं कपाळ हाय. परतताना बसमधे ह्यांले सांगितलं, डोळ्यात धूळ गेली. तवापासून तुले पाहुण्याची, कापूस वेचणीची कारणं देत आली.

तुझ्या मनात काही नव्हतं, हे मले कळते. लहानपणी मले पाठकुळी घेऊन शाळेत नेणारी तूच. तवा कधी जड म्हटलं नाही. म्हणूनच दुसऱ्या कोणाचं नाही, पण तुझं लागलं.

तुझ्या इंद्रजितच्या लग्नाले येते. हळदीच्या आधीच येते, तुले हाताशी माणूस पाहिजे. पाहुण्यातलं कोणी काही बोललं तर मी पाहून घेईन, मले आता ते जमते. पण फोटोच्या वेळी तू मले हात धरून बाजूले घे. हे खरं तर सांगाची गोष्ट नाही. पण सांगितल्याबिगर तुले समजणार नाही, म्हणून लिहिली.

साडी घेतली. दुकानदार काळ्या-निळ्याच दाखवत होता, त्यात अंग कमी दिसते म्हणे. मी पिवळीजर्द घेतली.

तुझीच, जेवढी हाय तेवढी,
दीपमाला